पंच नसलेला खेळ
कॅम्पातले गोल्फचे मैदान मी कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे; साहेबांचा खेळ म्हणून आम्ही त्याला हसतो. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तो बेचैन करतो. आमच्या शास्त्रात हिशेब लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. गोल्फमध्ये पंच बहुधा जवळ नसतोच. नवशिक्याने दुसऱ्याच्या फटक्यावेळी गप्प राहायचे, उखडलेली हिरवळ बसवायची, वाळूतली पावले दाताळ्याने पुसायची आणि दंडाचा फटकाही आपला आपणच सांगायचा!

१९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिले नाही. पंचांनी निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने आपल्या खाती एक फटका वाढवला. त्यामुळे शेवटी बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो एका फटक्याने हरला.

येत्या जूनपासून मी एका पेढीच्या वह्या लिहिणार आहे. मालक त्या उघडूनही पाहत नाहीत, असे ऐकतो.