आधी दर, मग आवक

वेबसाइट करून घ्यायला आलेला माणूस ती पहिल्यांदा माझ्या टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर बघतो आणि तिथंच खूश होतो. ज्यांच्यासाठी ती करायची ते लोक मात्र तिला तिथं कधीच बघणार नसतात. म्हणून सांगली-साताऱ्यातलं कुठलंही काम आलं की मी सगळ्यांत अरुंद पडद्यापासून सुरुवात करतो आणि तिथं वर काय हवं, हे फोन हातात धरणाऱ्यालाच विचारतो.

पूर्वी मोबाइलसाठी वेगळी वेबसाइट करायचे. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरनं लेख लिहून एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलायची पद्धत मांडली. 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव तिथून रुळलं. आपल्याकडं तिची खरी निकड भासली ती २०१६ नंतर, जिओमुळं डेटा स्वस्त झाल्यावर. वर्षभरातच २.४ इंची पडद्याचा, बटणांचा जिओफोनही आला. त्याची रुंदी जेमतेम २४० पिक्सेल.

साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका होमस्टेचं काम केलं. मालकांना पहिल्याच पानावर कास पठाराचा लांबरुंद फोटो हवा होता. लॅपटॉपवर तो झकास दिसायचा. उभ्या फोनवर मात्र पूर्ण बसवला तर नुसती पट्टी उरायची आणि कापला तर पठार जाऊन गवत राहायचं. पिक्चर टॅगनं रुंदीप्रमाणे वेगवेगळे फोटो देता येतात. फोनसाठी 'सीतेची आसवं' या फुलांचा, जमिनीलगत बसून काढलेला उभा फोटो निवडला. त्याच्याही वर फोन नंबर आणि मुक्कामाचा दर ठेवला, कारण यवतेश्वरचा घाट चढताना रेंज येते-जाते. फोटो दिसेपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते.

मराठी अक्षरांचं दुखणं आणखी वेगळं. तयार टेम्प्लेटं इंग्रजी अक्षरं धरून केलेली असतात. त्यांतलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर 'कृष्णा'तला ऋकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरं लांब-लांब केली की शिरोरेघ तुटते. 'द्राक्षबागायतदार' मोठ्या टायपात फोनच्या रुंदीत मावत नाही, मग अख्खं पान आडवं सरकायला लागतं. अशा ठिकाणी 'द्राक्ष'नंतर शब्द तोडायची छुपी खूण मी हातानं घालतो. कंटाळवाणं काम आहे, पण टाळून चालत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत एका ठिकाणी हा आकडा मिळायचा तो स्कॅन केलेल्या आडव्या कागदावर. वीज नाही, फोनचं चार्जिंग संपत आलेलं, आणि दोन बोटांनी कागद मोठा करत एक आकडा हुडकायचा. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणूस ज्या आकड्यासाठी पान उघडतो तो साध्या मजकुरात आणि सगळ्यांत वर, एवढं मी तेव्हापासून सोडत नाही.

तासगावच्या एका बेदाणा अडत्यांच्या कामात याचा कस लागला. त्यांना रोजचे दर टाकायचे होते. तक्ता त्यांच्या वहीप्रमाणे: मालाचा प्रकार, आवक, किमान दर, कमाल दर, सरासरी. कच्चा नमुना घेऊन मी मार्केट यार्डात गेलो. एका वयस्कर बागायतदारांनी आपल्या फोनवर पान उघडलं, हात लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "आवक दिसतीया. दर कुठं हाय?"

दराचे रकाने उजवीकडं पडद्याबाहेर होते. त्यांनी फोनची डिस्प्ले साइज वाढवून ठेवलेली, त्यामुळं ३६० पिक्सेल रुंदीचा फोन ३२० चा झाला होता. चाळिशी लागलेल्या कित्येकांचे फोन असेच असतात. फोनचं मॉडेल बघून रुंदी ठरवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मग फोनपुरता तक्ता मोडला आणि हिरवा, पिवळा, काळा अशी एकेका मालाची चौकट केली. सरासरी मोठ्या अक्षरांत टाकावी असा माझा विचार होता. शेजारी उभे असलेले दुसरे बागायतदार म्हणाले, "सरासरीचं काय करू? वरचा दर किती निघाला ते सांगा की." कमाल दर पहिल्या ओळीत गेला, त्याच्या शेजारी किमान, मग सरासरी, आवक शेवटी. अडत्यांच्या मुनीमजींचं म्हणणं, निदान कॉम्प्युटरवर तरी वहीचा क्रम ठेवा. मी ऐकलं नाही. मुलाच्या लॅपटॉपवर पान उघडणारा शेतकरीही दरच बघायला येतो. अडत्यांना ते पटलं.

आता कालचा दर आजच्या शेजारी हवा, अशी मागणी आलीय. ३२० पिक्सेलमध्ये उन्हात वाचता येतील असे दोनच आकडे शेजारी-शेजारी मावतात, म्हणजे किमान दराला खाली जावं लागणार. अडते हो म्हणताहेत, मुनीमजी नको. पुढच्या सौद्याला दोन्ही नमुने घेऊन यार्डात जाणार आहे.