जखम भरली, हात बरा झाला काय?

गेल्या दिवाळींत लातूरच्या आमच्या घरीं चकल्या तळतांना वहिनींच्या उजव्या हातावर उकळतें तेल सांडलें. औषधोपचारानें जखम भरली, आणि आम्हीं निश्चिंत झालों. पुढें दोन महिने प्रेमापोटीं त्यांस पाण्याचा तांब्याही उचलूं दिला नाहीं.

माघांत त्या नांदेडास माहेरीं गेल्या. तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनीं प्रत्येक सांधा कोनमापकानें मोजला, मुठीचें बळ यंत्रावर पाहिलें, आणि अंगठा कोणत्या बोटापर्यंत पोंचतो तें तपासलें. कापांजी नामक फ्रेंच शल्यविशारदानें १९८६ सालीं सांगितलेल्या या परीक्षेचे गुण १०. वहिनींस मिळाले ४. मधल्या बोटाच्या टोकापुढें अंगठा जाईना!

भाजल्याचा वण वर्ष-दीड वर्ष आवळत राहतो. हात स्वस्थ ठेवला कीं सांधे आखडतात. आम्हां सुशिक्षितांस हें ठाऊक नव्हतें. आमची मायाच त्या हाताची वैरीण झाली होती.

मग रात्रीं बोटें योग्य स्थितींत धरणारी पट्टी, दिवसां व्यायाम, आणि कामाची पुनश्च ओळख असा क्रम ठरला: आधीं गुंडी लावणें, मग कणीक मळणें. वहिनींच्या डोळ्यांत पाणी येई; तरीही हातचें काम काढून घ्यावयाचें नाहीं, हें आम्हांसही शिकावें लागलें.

श्रावणांत गुण ८ झाले. अंगठा करंगळीच्या मधल्या पेरास लागला. त्या सायंकाळीं वहिनींनीं फुलवात वळली. ती किंचित् वांकडी झाली होती. आईनें निरांजनांत तीच लावली.