वरवंट्याविना पाटा

पाटा म्हटले की माझ्या पिढीच्या माणसाच्या नाकात ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा वास शिरतो. पुढच्या पिढीला पाटा माहीत असतो तो क्रिकेटच्या खेळपट्टीमुळे. तिसराही एक पाटा असतो. तो मोटारीच्या बुडाखाली असतो, त्याला वरवंटा नसतो, आणि त्याचा अभ्यास करण्याची पाळी साठी उलटल्यावर माझ्यावर आली ती माझ्या भाच्यामुळे.

हा भाचा गणेशपुरीला राहतो. भिवंडी तालुक्यातल्या या गावी बाकीचे लोक भीमेश्वराच्या दर्शनाला, नित्यानंदबाबांच्या समाधीला आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी जातात. आमचे चिरंजीव तिथे भात लावतात. घर गावाबाहेर, वाटेत एक ओढा, आणि घरात माझी थोरली बहीण. ताईचे वय बहात्तर, वजन अठ्ठेचाळीस किलो, आणि त्यातले निम्मे दुखणे दोन गुडघ्यांत.

भाच्याकडे एक जुनी पिकअप आहे. पूर्वाश्रमी ती भिवंडीत कापडाचे तागे वाहत असे. यंत्रमागांच्या गावात ताग्यांना तोटा नसतो, आणि आधीच्या मालकाला 'पुरे' हा शब्द ठाऊक नसावा. परिणामी गाडी मागच्या बाजूने अशी बसली होती, जशी श्रीखंडाची तिसरी वाटी झाल्यावर पंगतीतली माणसे बसतात. 2023 च्या आषाढात एका रात्री ताईला सणकून ताप भरला. भाच्याने तिला गाडीत घातले आणि ओढ्यात गाडीचे बूड दगडावर टेकले. गाडी पुढे जाईना, मागे येईना. वरून पाऊस, आत आई कण्हते आहे, आणि हा आणि शेजारचे दोघे पाण्यात उभे राहून पाऊण तास गाडीला खांदा देताहेत. ताई बरी झाली. भाचा मात्र त्या रात्रीनंतर बरा झाला नाही. गाडी चार इंच उंच करायचीच, असे त्याने मनाशी घेतले.

मला हे कळले ताईच्या फोनवरून. "अरे, याला काहीतरी झालंय. स्प्रिंग बघायला भिवंडीला जायचं म्हणतो. गणेशपुरीत काय स्प्रिंगची कमी आहे?" आश्रमात येणाऱ्या गोऱ्या मंडळींमुळे 'हॉट स्प्रिंग' म्हणजे आपलेच कुंड, हे ताईला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. "तू ये बाबा. तुझं तो ऐकतो." भाचा माझे ऐकतो ही ताईची जुनी समजूत आहे. ती मोडावी असे मला कधी वाटले नाही.

मी गेलो. माझा मोटारीशी आजवरचा संबंध खिडकीजवळची जागा मिळते का, एवढाच. पण रात्रभर भाच्याने मला जे शिकवले त्यावरून सांगतो, कमानपाटा ही चीज मोठी थोर आहे. पोलादाच्या पाच-सहा पट्ट्या एकीखाली एक, प्रत्येक खालची वरचीपेक्षा आखूड, कमानीसारख्या वाकवून मध्ये एका बोल्टाने आवळलेल्या. इंग्लंडात ओबाडाया इलियट नावाच्या माणसाने 1804 मध्ये घोडागाडीच्या अशा कमानींचे पेटंट घेतले. म्हणजे त्या कमानी घोड्यामागे लागल्या तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. घोडा गेला, पेशवाई गेली, कमान राहिली. 1947 पासून आपल्याकडे महिंद्राची जीप जुळवली जाऊ लागली तीही पाट्यांवरच. 2010 च्या थारला मागे पाटे होते. 2020 च्या नव्या थारला ते जाऊन गुंडाळीची स्प्रिंग आली. पण ओझे वाहणाऱ्या पिकअपने पाटा सोडलेला नाही. भारतात 2022 साली आलेली टोयोटाची हायलक्स एवढी महागडी, पण मागून वाकून बघा, पाटेच!

कारण हा गडी दोन नोकऱ्या एका पगारात करतो. गुंडाळीची स्प्रिंग फक्त वजन झेलते. चाकांचा दांडा जागच्या जागी राहावा म्हणून तिला आणखी दांडके लावावे लागतात. पाटा वजनही झेलतो आणि दांड्यालाही धरून ठेवतो. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे हिसका थोडा मुरतो. (ती कुईकुई म्हणजे हेच घासणे. एकत्र कुटुंबात तेवढे चालायचेच.) सगळ्यात खाली एक जाड पाटा असतो, त्याला हेल्पर म्हणतात. तो एरवी कशाला हात लावत नाही. गाडी भरून दबली की मगच कामाला लागतो. घरात कार्य निघाल्याशिवाय न उगवणारे एक काका आमच्याकडेही होते.

भाच्याजवळ गाडी उंच करायचे चार मार्ग होते. पहिला, दांडा आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. स्वस्त, पण जोर लावला की दांडा पिळतो आणि पाटा इंग्रजी 'एस'सारखा वळतो. दुसरा, पाट्याचे मागचे टोक ज्या कडीत झुलते ती शॅकल लांब करायची. दोन इंच लांब केली तर गाडी जेमतेम एक इंच उचलते, वर दांड्याचा कोन बदलून इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला त्रास. तिसरा, दांड्याखाली पाटा असेल तर तो वर घ्यायचा. आमच्या गाडीला तो आधीच वर होता, त्यामुळे हा मार्ग फक्त बोलायला. चौथा, जाड आणि जास्त बाक दिलेले नवे पाटे. भाच्याचा जीव या चौथ्यावर जडला होता. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटर जाडीचे पाटे घालायचे. "दोनच मिलिमीटर तर जास्त, मामा!"

आता मी गणितात कच्चा असलो तरी घन म्हणजे काय ते जाणतो. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहाचे आठ केले तर पाटा सव्वादोन पटींहून जास्त ताठ होतो. उलट लांबी वाढवली तर तो त्याच हिशोबाने मऊ होतो. दोन मिलिमीटर म्हणजे नखाएवढी जाडी, पण ती नेमकी ताईच्या मणक्यात उतरणार होती.

कायद्याचे कलमही मी बरोबर नेले होते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. भाच्याने ते शांतपणे ऐकले. "मामा, आमच्या ओढ्यात आरटीओ उभा नसतो," एवढेच तो म्हणाला. आषाढातल्या त्या रात्री पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसापुढे कलम वाचायला मलाही फारसा धीर झाला नाही.

सकाळी आम्ही भिवंडीला निघालो. ताईही निघाली. "बसणार मी, आणि बघणार तुम्ही होय?" हा तिचा मुद्दा बिनतोड होता. गाडीत चढायला तिला प्लॅस्टिकचे स्टूल लागते. रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. रिकाम्या पिकअपमधून तो ज्याने केला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने केला नाही त्याला पटायचे नाही.

कमानीचे काम करणारे उस्ताद पांढऱ्या दाढीचे, बोलायला तुटक. भाच्याने चार इंचांचे पुराण सुरू केले. उस्तादांनी ते मधेच तोडले.

"इसमें भरेगा क्या?"

"भात. वीस गोणी."

"रोज?"

"नाही, दिवाळीच्या सुमाराला. आठ-दहा दिवस."

"और बाकी साल?"

भाचा घुटमळला. मग म्हणाला, "बाकी साल... आई."

उस्तादांनी ताईकडे पाहिले. ताईने पदर सारखा केला.

"पाटा वजन देखके झुकता है," उस्ताद म्हणाले. "टनाचा पाटा डालेगा, तो इनके लिए काय को झुकेगा?" मग ते गाडीखाली सरपटत गेले आणि मला खाली वाकायला लावले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध दांड्यावर एक लोखंडी गोळा असतो, त्यात दातेरी चक्रे असतात. त्यावर त्यांनी थाप मारली. "पत्थर कुठे लागला होता?" तिथेच, त्याच गोळ्यावर ओरखडे होते. "गाडी उठेगी. ये नहीं उठेगा."

हे मात्र रात्रभराच्या शिकवणीत आले नव्हते. पाटा गाडीचे धूड उचलतो. गोळा चाकांच्या दांड्यावरच असतो, तो चाके मोठी केल्याशिवाय तसूभर वर येत नाही. चार इंच उंच केलेली गाडी त्या ओढ्यात त्याच दगडावर, त्याच गोळ्याने, फक्त जास्त दिमाखात अडकली असती.

उस्ताद बाहेर आले, त्यांनी स्टूल पाहिले, पायरीपर्यंतचे अंतर वितीने मोजले आणि त्यावर चार बोटे उभी धरून भाच्याला दाखवली. बोलले काही नाही. भाचा आईच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. गाडी उंच करायची ती आईसाठी, आणि उंच झाल्यावर आईच तिच्यात चढू शकणार नाही, हे त्याच्या इतक्या महिन्यांच्या अभ्यासात कुठेच आले नव्हते.

शेवटी ठरले ते असे: जाड नाही, उंच नाही, कंपनीच्या मूळ मापाचा नवा संच. जुने पाटे थकून तीन बोटे बसले होते, तेवढी उंची नव्यांनी परत मिळाली, आणि तीही कलम 52 ला धक्का न लावता. यू-बोल्ट नवे, बुश नवे. जुने पाटे भाच्याने भंगारात दिले नाहीत. जुन्या पाट्याचा कोयता फार धार धरतो असे सगळे शेतकरी सांगतात, त्याने लोहाराकडून दोन करून घेतले.

राहिला ओढ्यातला दगड. तो त्याने आणि शेजारच्या दोघांनी पहारींनी दोन दुपारी खपून काढला. पाट्यांचा खर्च विचारू नका; पहार शेजाऱ्यांची होती.

तरी रिकामी पिकअप ती रिकामी पिकअप, थोडी आपटतेच. पण त्या दिवाळीत गोणी भरलेल्या गाडीतून ताई भिवंडीला डॉक्टरांकडे गेली आणि उतरताना म्हणाली, "आज बरी चालली रे, पाण्यातल्या होडीसारखी." तेव्हापासून आईला डॉक्टरांकडे न्यायचे म्हटले की भाचा मागे आठ गोणी भात टाकतो, जातानाही आणि येतानाही. गोणी त्याच. डॉक्टरांच्या कंपाउंडरने परवा मला बाजूला घेऊन विचारले, "तुमच्या ताईंचा भात अजून विकला गेला नाही का हो?"