न धावलेल्या गाडीची हळहळ

मार्च २०१७मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे भरलेल्या मोटारींच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने दोन आसनांची, ठेंगण्या बांध्याची एक स्पोर्ट्‌स कार जगासमोर ठेवली. तिचे नाव रेसमो. लांबी चार मीटरहून कमी. तीन सिलिंडरचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आसनांच्या मागे बसवलेले. ताकद सुमारे १९० अश्वशक्ती. आणि उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठण्याचा दावा. तिच्या आकृतीवर कंपनीच्या इटलीतील ट्यूरिन येथील स्टुडिओत काम झाले होते. पुढच्या वर्षी, २०१८च्या फेब्रुवारीत, ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये भारतीयांनीही तिला डोळे भरून पाहिले. त्यानंतर मात्र खर्चाच्या गणितापुढे तिचे काही चालले नाही. प्रकल्प बाजूला ठेवला गेला आणि रेसमो विक्रीसाठी रस्त्यावर कधी आलीच नाही.

आरोग्यविषयक पाक्षिकात या गाडीचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहील. माझा व्यवसाय रक्तदाब, मधुमेह आणि सांधेदुखी यांच्या सोबतीत गेला. मोटारींचा मी जाणकार नव्हे. परंतु माझा दवाखाना ज्या भागात आहे, तेथे कारखान्यांत हयात घालवलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यामुळे या गाडीची बातमी माझ्या तपासणीच्या टेबलापर्यंत आपोआप येत असे, आणि ती येणार नाही हे कळल्यावर उमटलेल्या प्रतिक्रियाही मला जवळून ऐकता आल्या. त्या ऐकताना सारखे वाटत राहिले, की ही माणसे केवळ गाडीबद्दल बोलत नाहीत.

काही जण संतापले होते. "हिशेबनिसांच्या हाती कारभार गेला, की असंच व्हायचं," हे त्यांचे म्हणणे. काहींनी "मी तर आधीच सांगितलं होतं" असा पवित्रा घेतला. अपेक्षाच ठेवली नव्हती असे म्हटले, की अपेक्षाभंग बोचत नाही. अभियांत्रिकीला शिकणारा एक तरुण अजूनही वाटाघाटीच्या मनःस्थितीत होता. थोड्याच गाड्या काढाव्यात, लोक आगाऊ पैसे भरतील, अशी योजनाच त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवली. एका निवृत्त लेखापालांनी शांतपणे कंपनीची बाजू मांडली: ज्या गाड्या खपतात त्यांवर हजारोंची चूल पेटते, हौसेपायी ती विझवून कसे चालेल? आणि काही जण काहीच बोलले नाहीत.

न बोलणाऱ्यांपैकी एक गृहस्थ माझे जुने रुग्ण. सत्तरी ओलांडलेले, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षे काढलेले. नेहमीच्या तपासणीसाठी सुनेबरोबर आले होते. मीच विषय काढला, तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, ही गाडी मी काही घेणार नव्हतो. घेतली असती तरी तिच्यात बसायला कमरेतून वाकता आलं नसतं. पण रस्त्यावर दिसली असती ना! आपल्याकडे असलं काही होतं, हे डोळ्यांनी बघितलं असतं."

सून मनाने प्रेमळ. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून ती हसत म्हणाली, "अण्णा, जी गाडी जन्मालाच आली नाही, तिचं सुतक कशाला धरता?" वाक्य चटकदार होते, हेतूही चांगला होता. परंतु अण्णा त्यानंतर गप्प बसले ते बसलेच.

जे जन्माला आले नाही त्याचे सुतक नसते, हे खरेच. म्हणून तर त्याचे दुःख जड जाते. माणूस गेला, तर दहा दिवस घरात माणसांचा राबता असतो. शेजारचे पिठलेभात आणून देतात, रडण्याला मुभा असते. मात्र एखादा बेत मोडला, एखादी आशा संपली, तर त्यासाठी ना चौथा दिवस, ना तेरावा. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखाला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला 'मान्यता न मिळालेला शोक' म्हणता येईल. ज्या शोकाला समाज शोक म्हणून ओळखतच नाही, ज्याविषयी उघड बोलण्याची सोय नाही, तो आत साठतो.

वृद्धापकाळात असे शोक किती असतात, याची आपण मोजदाद करत नाही. कोकणातल्या वडिलोपार्जित जागेवर बांधायचे राहून गेलेले दोन खोल्यांचे घर; परदेशी गेलेला मुलगा 'पाच वर्षांत परत येतो' म्हणाला होता, ती पाच वर्षे; हृदयाच्या तपासणीनंतर रद्द झालेली चारधाम यात्रा; गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर पुन्हा पर्वती चढण्याचा मनसुबा. या साऱ्या न धावलेल्या गाड्याच आहेत. त्यांच्याविषयी ज्येष्ठ फारसे बोलत नाहीत, कारण बोलले, की उत्तर ठरलेले असते: "आता या वयात काय करायचंय?"

अशा हळहळीमागे शरीरशास्त्राचाही भाग आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विशिष्ट खूण दिसली, की फळांचा रस मिळतो, हे माकडांना कळले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उत्तेजित होऊ लागल्या. पुढे खूण दाखवून रस दिलाच नाही, तेव्हा ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी या पेशींचे कार्य नेहमीच्या पातळीच्याही खाली गेले. म्हणजे मेंदूच्या लेखी 'न मिळणे' ही रिकामी जागा नसते. ती एक घडलेली घटना असते. माणूस अर्थातच माकडाहून फार गुंतागुंतीचा आहे. तरीही "मिळालंच नव्हतं, तर गेलं काय?" हा युक्तिवाद मनाला का पटत नाही, याचा काहीसा उलगडा यातून होतो.

रद्द झालेल्या गाड्यांत आणखी एक उदाहरण मला बोधप्रद वाटते. टाटांच्याच मालकीच्या जग्वार या ब्रिटिश कंपनीने २०१०मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सी-एक्स ७५ ही गाडी मांडली होती. दोन छोट्या गॅस टर्बाइनवर वीज निर्माण करून चालणारी ती कल्पना पाहून जगभरचे शौकीन थक्क झाले. २०११मध्ये मर्यादित संख्येने ती बनवण्याचे जाहीर झाले. टर्बाइनच्या जागी पेट्रोल इंजिन व विजेच्या मोटारी यांची जोडी आली आणि चाचणीच्या गाड्या धावूही लागल्या. मग डिसेंबर २०१२मध्ये कंपनीने सांगितले, की जगाची आर्थिक स्थिती पाहता इतकी महागडी गाडी बाजारात आणण्याची ही वेळ नव्हे. शौकिनांना वाईट वाटलेच. पण त्यांना निर्णय कळला आणि निर्णयाचे कारणही कळले. ती आकृती पुढे २०१५च्या 'स्पेक्टर' या बाँडपटात रोमच्या रस्त्यांवर धावली. तिचे मूळ आरेखन ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, त्या इयन कॅलम यांच्या संस्थेने २०२४मध्ये चित्रपटासाठी बनवलेली एक गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याजोगी करून दाखवली.

यातून डॉक्टरने व घरच्यांनी उचलण्यासारखे काही आहे. रद्द करण्याचे काम आम्हालाही करावे लागते. चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते; 'फॉर्म १-अ' नावाचा तो कागद अनेकांच्या परिचयाचा असेल. काही वर्षांपूर्वी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक तो कागद घेऊन आले. काचबिंदूमुळे त्यांची बाजूची नजर बरीच गेली होती. समोरचे अक्षर ते वाचू शकत. परंतु कडेने रस्त्यावर येणारे मूल त्यांना दिसले नसते. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, नाही म्हणू नका. आरटीओचं काम अडकलंय, असं मी सांगत राहीन. हळूहळू विसरतील."

मी ते मान्य केले नाही. सरांना समोर बसवले, नेत्रतज्ज्ञांनी काढलेला दृष्टिक्षेत्राचा आलेख टेबलावर ठेवला आणि त्यातील काळे भाग म्हणजे काय, ते त्यांना उलगडून सांगितले. सर आलेखाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गाडीचं राहू द्या हो. पण हिला फिजिओथेरपीला कोण नेणार?"

तेव्हा कळले, की त्यांच्या हातून सुकाणूचे चाक जात नव्हते, तर पत्नीचा सांभाळ करणारा माणूस हे त्यांचे स्थान जात होते. पक्षाघातातून सावरणाऱ्या पत्नीला आठवड्यातून तीनदा नेणे-आणणे, हा त्यांच्या दिवसांचा कणा होता. सर रागावून गेले आणि पुढचे दोन महिने दवाखान्याकडे फिरकले नाहीत. दरम्यान त्यांच्या सुनेने एक शहाणपणाची गोष्ट केली. ओळखीचा रिक्षावाला ठरवला; मात्र त्याला फोन करणे, वेळा नोंदवणे, व्यायामाची वही ठेवणे आणि पत्नीबरोबर जाणे ही सारी कामे सरांकडेच ठेवली. पुढे ते आले, तेव्हा ती वही दाखवायलाच आले होते. गाडी विकल्याचे दुःख संपले होते का? नाही. तो विषय निघाला, की त्यांचा आवाज अजूनही बदलत असे. परंतु ते दुःख आता त्यांच्या दिवसाच्या एका कोपऱ्यात बसले होते, दारात आडवे पडले नव्हते.

यावरून घरच्यांसाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एखादी गोष्ट होणार नसेल, तर ती ज्येष्ठांना थेट सांगावी. त्यांच्या डोक्यावरून मुलाला किंवा सुनेला सांगू नये. कारण सोप्या शब्दांत द्यावे. 'बघू', 'पुढच्या वर्षी', 'पावसाळा संपू दे' ही उत्तरे दयाळू वाटतात. प्रत्यक्षात ती माणसाला थांब्यावर बसवून ठेवतात आणि बस तर बंद झालेली असते. सांगून झाल्यावर लगेच समजूत घालण्याची घाई करू नये. "तुम्हाला त्यातलं नेमकं काय आवडलं होतं?" एवढे विचारून ऐकत बसावे. टूलरूममधल्या अण्णांना कोणी असे विचारले असते, तर त्यांनी तासभर सहज सांगितले असते. कारण पत्र्याची वळणे साच्यातून कशी निघतात, हे त्यांच्याइतके त्या घरात कोणाला ठाऊक होते? आणि चौथी गोष्ट, मोडलेल्या बेतातला जो अंश वाचवता येईल, तो वाचवावा. यात्रा नाही, तर गावच्या देवाचे दर्शन. घर नाही, तर त्या जागेवर दोन आंब्याची कलमे. हा अंश मूळ स्वप्नाची बरोबरी करत नाही. तशी बतावणीही करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांच्याही रद्द झालेल्या गाड्या असतात, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडलेली सून, वडिलांसाठी बदली नाकारलेला मुलगा, पतीच्या कंपवातामुळे भिशीच्या मैत्रिणींबरोबरची सहल दर वर्षी चुकवणारी पत्नी. कर्तव्य आनंदाने केले, तरी त्याची किंमत मनाला मोजावी लागतेच. तिच्याविषयी बोलणे म्हणजे कुरकुर नव्हे. घरातल्या कोणीतरी आठवड्यातला एक अर्धा दिवस त्यांना मोकळा करून द्यावा. तो उपकार नसून औषधोपचाराचाच भाग आहे.

हळहळ आणि आजार यांतील सीमारेषाही ओळखली पाहिजे. हळहळणारा माणूस दुःखी असतो. पण नातवाच्या गमतीवर हसतो, आवडीची भाजी दोन घास जास्त खातो. याउलट दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, वजन उतरत असेल, तर ते नैराश्य असू शकते. उतारवयात ते पुष्कळदा रडण्याच्या रूपात दिसत नाही; अंगदुखी, थकवा, विसरभोळेपणा किंवा चिडचिड यांच्या रूपात दिसते. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा काही औषधांचा परिणाम यांमुळेही असे होऊ शकते. म्हणून तपासणी आवश्यक असते. नैराश्यावर या वयातही चांगले उपचार होतात. "आता जगून काय करायचं?" असे कोणी वारंवार म्हणू लागले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे न ठेवता डॉक्टरांना लगेच भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

गाडी रद्द करणाऱ्यांचा हिशेब चुकीचा असेलच असे नाही. डॉक्टरने नाकारलेले प्रमाणपत्रही बहुधा योग्यच असते. परंतु निर्णय बरोबर आहे, म्हणून त्याचे दुःख होऊ नये, असा नियम नाही. जे वाहन कधी दारात उभे राहिले नाही, त्यासाठी डोळे पाणावणारा माणूस अजून काहीतरी पाहण्याची इच्छा बाळगून आहे. सत्तरीत, ऐंशीत ही इच्छा शिल्लक असणे, हे मला नाडीच्या ठोक्याइतकेच चांगले लक्षण वाटते. तिची थट्टा न करता घरातल्यांनी थोडा वेळ तिच्याजवळ बसावे.