बाई सुंदराबाई ऑफ पूना

गेले चार वीकांत हापिसचा लॅपटॉप बंद आणि घरचा चालू, असा प्रकार आहे. कारण म्हणजे तेलगावच्या घरातून पुण्याला आणलेल्या अकरा तबकड्या. (तीन फुटक्या. राहिल्या आठ.)

तेलगाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो चौफुला, शेजारी साखर कारखाना. तिथे माझ्या पणजोबांनी गाण्याच्या तबकड्या का जमवल्या असतील, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. सांगायचंही नसतं. मी ट्रंक उघडली तेव्हा काका म्हणाले, "कामून रे ते वर काढायलास? बायांची गाणी हायेत ती." विषय संपला.

त्या आठांतल्या एकीवर 'बाई सुंदराबाई ऑफ पूना' असं लिहिलंय. दोघींची लेबलं वाळवीनं खाल्लीत.

आता आपण सॉफ्टवेअरवाले. नाव ही कधीच प्रायमरी की नसते, हे आपल्याला पहिल्याच प्रोजेक्टमध्ये कळतं. रेकॉर्डच्या लेबलावरचं नाव म्हणजे तर शुद्ध फ्री टेक्स्ट. सुंदराबाई, सुंद्राबाई, मागे बाई, पुढे गाव, कुठे मिस, कुठे जान. पण लेबलच्या कडेला जो गुळगुळीत पट्टा असतो, तिथे एक नंबर कोरलेला असतो. तिरप्या उजेडात धरला की दिसतो. हा मॅट्रिक्स नंबर. मेणाच्या तबकडीवर गाणं घेतलं की त्या 'टेक'ला पुढचा क्रमांक मिळायचा. म्हणजे शेजारचे नंबर बहुधा एकाच मुक्कामातले. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या तबकड्यांत तर नंबरामागच्या अक्षरावरून रेकॉर्डिंग करणारा साहेब कोण तेही कळतं. लेबल गेलं तरी लॉग शिल्लक!

ही शोधाशोध करणारे माझ्या आधी खूप झालेत, आणि त्यांनी ती एक्सेलशिवाय केली. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी 1899 ते 1908 मधल्या भारतीय रेकॉर्डिंगची सूची 1994 साली पुस्तकरूपात काढली. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि मंडळींच्या या संस्थेच्या नियतकालिकाचे अंक जालावर वाचायला मिळतात. एकदा उघडलेत तर रविवार गेला म्हणून समजा.

सुरुवातीला तर नाव ध्वनीतच नोंदवलं जायचं. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात होता. तिथे गौहर जान तीनेक मिनिटं गायली आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून मोकळी झाली. आपण त्यात ऐट ऐकतो. ती असेलही, पण कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला मेण कुणाचं हे कळायला हवं होतं. 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ती गरज सरली.

फ्रान्सचीही गोष्ट फार वेगळी नाही. पॅरिसच्या कॅबेरेमध्ये गाणाऱ्यांपैकी इव्हेत गिल्बेर आज आठवते, त्यात तिच्या तबकड्यांपेक्षा तुलूज-लोत्रेकने काढलेल्या तिच्या काळ्या हातमोज्यांचा वाटा मोठा आहे. चित्रकार न भेटलेल्या बाकीच्या बायका कॅटलॉगच्या ओळींत पडून आहेत.

आणि आमच्या सुंदराबाई? गझल, ठुमरी, लावणी, सगळ्यांत गळा फिरलेला. 1939 साली प्रभातच्या 'माणूस'मध्ये नायकाची आई झाल्या, ती भूमिका आजही बघता येते. पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीने बसला. 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. नाटक गडकऱ्यांचं, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्व. आणि ज्या चालींवर अख्खं महाराष्ट्र रडलं, त्या सुंदराबाईंनी दिलेल्या! त्यांच्या बैठकीच्या गाण्यातल्या चाली सिंधूच्या तोंडी गेल्या आणि सोज्वळ झाल्या. माझी आजी ती पदं देवापुढे बसून म्हणायची. ट्रंकेतल्या तबकड्यांना मात्र तिने कधी हात लावला नाही.

त्या काळच्या लेबलावर सहसा गाणाऱ्याचं नाव, फार तर नाटकाचं आणि रागाचं. चाल देणाऱ्याला तिथे कॉलमच नाही. कोड एकाचं, कमिट दुसऱ्याच्या नावावर... चीड येते ना? हापिसात तर आपण एवढ्याशा गोष्टीवरून मेलवर मेल पाठवतो. :)

मी फोनवर हे काकांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला हे ठावं नव्हतं रे."

सध्या आठही बाजूला ठेवल्यात, वाजवत नाही. 1925च्या आधीच्या तबकड्यांचा वेग सगळीकडे 78 नव्हता. चुकीच्या वेगाने वाजवली तर बाईंची पट्टीच बदलते, आणि काळी चारची काळी पाच करून ऐकण्यात अर्थ नाही. आधी नंबर लावायचे, वर्ष काढायचं, मग सुई.

तुमच्या गावच्या घरात अशी ट्रंक असेल, तर लेबलचा आणि त्या पट्ट्याचा तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. आडव्या रचून ठेवल्या असतील तर उभ्या करा. आणि चकाकी यावी म्हणून स्पिरिटने मुळीच पुसू नका. त्या लाखेच्या आहेत, विरघळतील.