काटा खाली आला तेव्हा

परवा दादाच्या ट्रकमधून कसारा घाट चढत होतो. मागे खताच्या गोण्या, गाडी दुसऱ्या गिअरवर. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकला आणि एका वळणावर झर्रकन खाली आला.

"बरं झालं, उतरला!" मी म्हणालो.

दादाने गाडी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. "अरे, पाणी गेलंय."

खरंच होज फाटला होता. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पाणी गेलं की त्याला नुसती वाफ नि हवा लागते, आणि काटा निवल्यासारखा दाखवतो. अजून थोडी रेटली असती तर हेड गेलं असतं. हप्ते चालू आहेत अजून.

गंमत म्हणजे काटा वर जातो म्हणून मेकॅनिकने महिन्याभरात दोनदा सेन्सरच बदलला होता! दादाने चावी खिशात टाकली, केबिन उचलली आणि पंख्याला हाताने झटका दिला. तापलेल्या इंजिनावर तो जड लागायला हवा. हा घरातल्या पंख्यासारखा गरगरत राहिला. व्हिस्कस कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गळून गेलेलं, मधोमध तेलकट धूळ. सपाटीवर धावत्या गाडीच्या वाऱ्यावर भागत होतं, घाटात कसं भागणार?

मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर दादाने मनगटच धरलं. तासभर बसलो मग कठड्यावर. नवं कपलिंग केवढ्याला पडलं, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.