तारीख तं पाहा!

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक जखडून टाकले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. हे वाचून मी अमरावतीच्या आमच्या धर्मग्राम-कार्यालयातील संगणक उघडला. विंडोज ७ मधील ‘अपडेट’ ही स्वतःहून दुरुस्त्या आणणारी सेवा कित्येक आठवडे अपयशी ठरत होती. स्नानसंस्कार आणि विवाहांच्या साऱ्या नोंदी त्याच संगणकात होत्या!

प्रथम त्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. मग नेहमीचा उपाय केला: सेवा थांबविली, अर्धवट उतरलेल्या फायली साठविणाऱ्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचे नाव बदलले, सेवा पुन्हा सुरू केली. फोल्डर नव्याने तयार झाले. अपयश मात्र तेच.

अखेर अकोल्याहून एक परिचित तरुण आला. पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “फादर, आधी तारीख तं पाहा!”

आमचा संगणक २००९ सालात वावरत होता! आतील नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी संपली होती. वीज गेली की घड्याळ मागे जाई. दुरुस्ती पाठविणाऱ्या सर्व्हरची ओळख त्याच्या प्रमाणपत्राच्या मुदतीवरूनही पारखली जाते. आमच्या संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती. म्हणून त्याने मदतीलाच परके मानून परतविले.

बॅटरी बदलली, तारीख लावली आणि रात्रीपर्यंत दुरुस्त्या बसल्या. ती चुकीची तारीख रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. मी मात्र दोष दूरच्या सर्व्हरला देत होतो.